तक्रार न आलेला सर्व्हर

वरदपूरच्या जलमंडळात सात युनिक्स सर्व्हर होते आणि आठ महिन्यांत एकावरही सुरक्षेचा पॅच चढला नव्हता. म्हणजे चोराला दार सताड उघडं. सर्व्हर सांभाळणाऱ्या सुलभा केंजळे परवानगी मागून थकल्या. मुख्याधिकारी निगुडकरांचं उत्तर ठरलेलं, "पॅचसाठी सर्व्हर बंद ठेवावा लागतो ना? माझा मिनिटभरही बंद राहून चालणार नाही. अख्खं मंडळ त्याच्यावर चालतं."

शेवटी भर बैठकीत त्यांनी बाईंना पेचात धरलं. "बंद पडला तरी कुणाची तक्रार येणार नाही, असा एक सर्व्हर दाखवा. सातांचीही परवानगी देतो."

खातेप्रमुख हसले. सुलभाताईंनी रोजची नोंदवही पुढे सरकवली. तिच्यात साहेब दररोज दुपारी शेरा मारून सही करत.

"दाखवते साहेब. गेल्या मंगळवारी डिस्क बिघडून एक सर्व्हर दहा ते चार बंद होता. तक्रार एकही नाही. उलट दुपारी दोनचा शेरा आहे, 'माझा सर्व्हर उत्तम चालू.' खाली सही तुमची आहे."

खातेप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी पेन काढून सातांच्याही परवानगीवर सही केली. संध्याकाळपर्यंत सातही सर्व्हरवर पॅच चढले, आणि पहिला मान अर्थातच साहेबांच्या सर्व्हरला मिळाला.