सोळा खिडक्यांची भिंत

वेल्स नावाच्या डोंगराळ मुलुखात एका टेकडीवर छोटासा किल्ला होता. आता त्याची एकच भिंत उभी आहे, आणि त्या एका भिंतीला सोळा खिडक्या आहेत. एवढ्या कशाला, असं कुणी विचारलं की तिथले लोक ही गोष्ट सांगतात.

किल्ला बांधला इद्वाल नावाच्या सरदाराने. माणूस कष्टाळू, घरात काही कमी नाही. पण समोरच्या टेकडीवर कॅडोग नावाचा दुसरा सरदार राहत होता आणि त्याचा बुरुज इद्वालच्या किल्ल्याहून दोन हात उंच होता. ते दोन हात इद्वालच्या घशात अडकले होते.

किल्ला बांधतानाच त्याने गवंड्याला सांगितलं, "खिडक्या सगळ्या समोरच्या भिंतीला. त्याची चूल पेटलेलीसुद्धा मला दिसली पाहिजे."

"आणि मागे, धनी? मागे नदी आहे."

"नदी कुठे पळून चाललीय? तिच्यावर काय नजर ठेवायची!"

झालं. बाकी तिन्ही भिंती ठार बंद. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं मोजणारा दुकानदार जसा आपल्या गिऱ्हाइकाला पाठ करून बसतो, तसा इद्वाल दिवसभर खिडकीत बसू लागला. तिकडे मेंढीला जुळी कोकरं झाली की इकडे याला घास गिळवेना.

एका वर्षी डोंगरावरचं बर्फ वितळलं आणि नदी फुगली. सकाळी कॅडोगच्या बुरुजावर काहीतरी लाल फडफडू लागलं.

"बघ, नेस्ट, नवा झेंडा!" इद्वाल बायकोला म्हणाला. "मुद्दाम मला दाखवतोय."

"अहो, झेंडा कुणी असा डोक्यावरून हलवतं का? काहीतरी सांगतायत ते."

"सांगतोय ना! माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, हेच सांगतोय." आणि त्याने त्याहून मोठा झेंडा शिवायला टाकला.

दुपारी कॅडोगची स्वयंपाकीण धापा टाकत आली. "सरदार, नदी तुमच्या मागच्या भिंतीखाली शिरलीय. आमच्या टेकडीवरून वळण साफ दिसतंय. आधी माणसं बाहेर काढा."

इद्वाल हसला. "तुझ्या धन्याला सांग, माझा किल्ला त्याच्या डोळ्यांत खुपतोय हे मला ठाऊक आहे."

"निदान मागे जाऊन एकदा बघा तरी," नेस्ट म्हणाली.

मागे जायचं म्हणजे किल्ल्याला वळसा घालायचा, आणि तेवढा वेळ कॅडोगवरची नजर काढायची. तेवढ्यात त्याने आणखी काही चढवलं तर? इद्वाल जागचा हलला नाही.

नेस्ट गेली. बघून आली आणि वाद न घालता तिने माणसं बाहेर काढली, मेंढ्या बाहेर काढल्या. शेवटी नवऱ्याची बाही धरून त्यालाही ओढलं. दोघं दाराबाहेर पडतात न पडतात तोच मागची भिंत नदीत बसली. पाठोपाठ बाजूच्या दोन्ही गेल्या, आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं सगळं धान्यही गेलं.

संध्याकाळी इद्वाल कॅडोगच्या चुलीपाशी कुडकुडत बसला होता. स्वयंपाकिणीने त्याच्या खांद्यावर एक लाल कांबळं टाकलं. त्याने ते ओळखलं.

"हाच तुमचा झेंडा?"

"झेंडा कुठला आलाय आमच्याकडे," कॅडोग म्हणाला. "हाताला लागलं ते हलवलं."

इद्वालने कांबळं अंगाभोवती ओढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडे बघायला तुमच्या किती खिडक्या आहेत?"

कॅडोग भिंतींकडे बघू लागला. त्याने कधी मोजल्याच नव्हत्या. स्वयंपाकीणच म्हणाली, "एक आहे की! ती बघा, चुलीवरची. धूर जायला ठेवलेली. तिथूनच तर मला नदी दिसली."

इद्वाल तिपाईवर चढला आणि धुराने काळवंडलेल्या त्या भोकातून त्याने बाहेर पाहिलं. समोरच्या टेकडीवर त्याची एकच भिंत उभी होती. तिला सोळा खिडक्या होत्या, आणि सोळाही खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरावर डोळे लावून बसणाऱ्याची पाठ आपल्याच घराकडे असते, आणि मत्सरी माणसाला सावध करणारा शेजारीही मिरवणारा वाटतो.