भिंगराच्या पायावर मतदान

फार लांब नसलेल्या, पण नकाशात न सापडणाऱ्या एका जंगलात भिंगरा नावाचा काळवीट राहत होता. तो फुटबॉल खेळायचा. डोक्याने गोल करायची त्याला मनाई होती, कारण शिंगांनी चेंडू फुटायचा. पण पाय असे, की समोरच्याला फक्त धूळ दिसायची.

हंगामाच्या चौथ्या सामन्यात नदीपलीकडच्या रानडुकराने त्याला आडवं पाडलं. मागचा उजवा पाय दुधीभोपळ्यासारखा सुजला.

जंगलाच्या वैद्य साळिंदरबाईंनी पाय दाबून पाहिला. "सहा आठवडे विश्रांती. आता खेळलास तर हा पाय पुन्हा धावणार नाही. आणि तू काळवीट आहेस, बाबा. तुझं धावणं नुसता खेळ नाही, जीव आहे तुझा."

"पण सहा आठवडे दिसलो नाही तर लोक विसरतील हो मला."

"विसरू देत. जिवंत तर राहशील!"

भिंगराला पटलं. तो घरी जाऊन पडून राहिला.

पंचाईत अशी, की अंतिम सामना सहा आठवड्यांच्या आतच होता आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी राजाची निवडणूक होती. राजे होते ठिपकेराव महाराज, जातीचे बिबटे. पाच वर्षांत तळं आटलं होतं आणि अर्धं कुरण महाराजांच्या मेहुण्याच्या नावावर झालं होतं. मेहुणा गवत खात नव्हता, तरीही. प्रजेला दाखवायला आता करंडक तेवढा हवा होता.

महाराजांनी तज्ज्ञ समिती नेमली. तीत प्रधान कोल्हा, दोन घुबडं आणि मेहुणा. पाय कुणीच पाहिला नव्हता. त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होईल, असं कोल्ह्याने सांगितलं. मतदान झालं. चौघांनी हात वर केले आणि पाय बरा झाला.

मग जाहीर सभा झाली.

"बंधू-भगिनींनो," महाराज गरजले, "हा पाय एकट्या भिंगराचा आहे का?"

"नाही!"

"हा पाय आपल्या सर्वांचा आहे! मग मला सांगा, तुमच्यापैकी कुणाचा पाय दुखतोय?"

"कुणाचाच नाही!"

"झालं तर मग!"

साळिंदरबाई उठल्या. "महाराज, मी तपासलाय तो पाय."

"बाई, आपण मूळच्या नदीपलीकडच्या का?" कोल्ह्याने फार नम्रपणे विचारलं.

संध्याकाळच्या आत बाईंची बदली एका उघड्या टेकडीवर झाली. तिथे दगडांखेरीज रोगी नव्हते. पाठोपाठ फर्मान निघालं, की 'लंगडणे' हा शब्द रद्द असून यापुढे त्यास 'डौल' म्हणावे. ससे ताबडतोब डौलात चालू लागले.

कोल्हा हार घेऊन भिंगराच्या दारी आला. "जबरदस्ती अजिबात नाही हं. बाहेर सगळं रान तुमच्या नावाने ओरडतंय. तुम्ही पडून राहणार, एवढं तुम्हीच त्यांना सांगा."

भिंगरा दारात आला. बाईंचं बरोबर आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण इतक्या तोंडांतून आपलं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने पाय टेकवला.

अंतिम सामना त्यानेच जिंकून दिला. शेवटच्या गोलाच्या वेळी कट्कन आवाज झाला. टाळ्यांत तो कुणालाच ऐकू गेला नाही. भिंगराला तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी महाराज एकशे चार टक्के मतांनी निवडून आले.

आठवड्याने कळप नव्या कुरणाकडे धावत गेला. भिंगरा मागे राहिला. भर दुपारी गवत हललं आणि महाराज समोर आले. एकटेच होते. त्यांनी त्या पायाकडे बराच वेळ पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली.

"आता पुढे काय करायचं ठरवलंयस?"

"महाराज म्हणतील ते," भिंगरा म्हणाला.

महाराजांनी हिशेब केला. खाल्लं तर एक जेवण, पद दिलं तर पाच वर्षं. भिंगरा क्रीडामंत्री झाला.

दोन वर्षांनी साळिंदरबाई टेकडी उतरून मंत्रालयात आल्या. तीन खेळाडू जायबंदी होते आणि तिघांनाही मैदानात उतरवणार होते. "भिंगरा, निदान तू तरी थांबव हे."

भिंगराने अर्ज हातात घेतला, न वाचता बाजूला ठेवला. "कार्यवाही चालू आहे."

बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "तुझा पाय कसा आहे रे आता?"

"पायाचं काय घेऊन बसलात, बाई," मंत्री म्हणाले. "खुर्चीला चार आहेत."