मोठ्या चौथऱ्यावरचा लहान नंदी

खडकवळ्याच्या महादेवाला पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक हसतो. देवळासमोरचा चौथरा एवढा मोठा, की त्यावर हत्ती बसावा, आणि मधोमध नंदी बसलाय तो जेमतेम वासराएवढा. मोठा नंदी चोरीला गेला का, असेही कुणी विचारते. देवळाचे गुरव सोनबामामा हसणाऱ्याला हसू देतात. मग त्याला पायरीवर बसवून घेतात आणि ही हकीकत सांगतात. मी ती त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

फार पूर्वी, म्हणे, पाथरवटांना गाव नव्हते. जिथे खाण तिथे त्यांच्या झोपड्या. खाण संपली की झोपड्या उचलायच्या आणि पुढे निघायचे. अशी सतरा घरे खडकवळ्याच्या खाणीवर आली होती. त्यांच्यातला जाणता माणूस मेसाजी. जाती, पाटे, उखळे घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वभावाने मात्र तो फार संकोची. गिऱ्हाईकाशी तो दोनच शब्द बोलायचा, "वाजवून घ्या." जात्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारून दाखवायचा. चांगला दगड खणखणीत बोलतो. आत चीर असली तर तो बद्द वाजतो, मग वरून कितीही सुरेख दिसो. बद्द वाजलेले जाते मेसाजी विकत नसे, स्वतः फोडून टाकी.

त्या वेळी गावच्या देशमुखांनी देऊळ बांधायला काढले होते. त्यांनी मेसाजीला बोलावले आणि शब्द दिला, की महाशिवरात्रीच्या आत या चौथऱ्याला शोभेल असा नंदी बसव, नदीकाठची मळई, ती गाळाची जमीन, तुझ्या सतरा घरांना कायमची राहायला देतो. पाथरवटांना आनंद झाला. मेसाजीची बायको बयजा हिने तर दुसऱ्याच दिवशी नदीकाठी जाऊन दुधी भोपळ्याचे बी लावले. आयुष्यात तिने कितीदा वेल लावला होता, पण त्याला आलेले फळ कधी पाहिले नव्हते. त्याआधीच झोपड्या उठत.

खाणीतून नंदीचा दगड निघाला तेव्हा देशमुखांनी ढोल, सनया, शिंगे पाठवली. मोठा थाट झाला. मेसाजीने रीतीप्रमाणे दगडावर हातोडी मारली, पण त्या गलक्यात त्याला काही ऐकू आले नाही. वाजंत्री जरा थांबवा, एवढेच म्हणायचे होते. इतक्या लोकांत त्याला ते म्हणवले नाही. दगड गाड्यावर चढून चौथऱ्यापाशी आला.

दोन महिने काम चालले. नंदीच्या पाठीवरची झूल, गळ्यातल्या घंटा, सगळे उतरले. शेवटी मेसाजी एकटाच पोटाखाली घासकाम करत होता. सहज त्याची हातोडी नंदीच्या बरगडीला लागली. दगड बद्द वाजला.

त्याने पाणी ओतून पाहिले, ओल कुठे रेंगाळते का म्हणून. चीर दिसली नाही. मग त्याने धाकट्या भावाला, येमाजीला बोलावून ऐकवले. येमाजीला काही वेगळे वाटले नाही.

"दादा, नंदी काय जात्यासारखा गरगर फिरणार आहे?" येमाजी म्हणाला. "देवासमोर बसून तर राहायचंय त्याला. तुझ्याशिवाय हे कुणाला ऐकू येतंय?"

"मला येतंय ना," मेसाजी म्हणाला.

तो देशमुखांकडे गेला आणि दगड न ऐकताच घेतल्याची चूक सांगितली. देशमुख काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, चीर दाखव. मेसाजीला ती दाखवता येईना. तेव्हा त्यांनी समजुतीने सांगितले, की जे दिसत नाही ते गावाला सांगू नकोस. नंदी बसव आणि मळई घे.

मेसाजी परत आला. आपण हा हट्ट नावासाठी धरतो आहोत का, असे त्याला वाटले. अहंकारापायी सतरा घरांचे नुकसान करायचे का, असेही वाटले. त्याच दिवशी एक म्हातारी जाते न्यायला आली. मेसाजीने जाते पुढे सरकवले, हातोडी उचलली, आणि त्याच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळले, की इतकी वर्षे आपण हे नुसते गिऱ्हाईकासाठी म्हणत नव्हतो.

नंदी फोडायचे मनात आहे, असे त्याने बयजाला सांगितले. तिच्या वेलाला तेव्हा फूल धरले होते. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "फोडायचाच असेल तर दिवसाढवळ्या फोडा. सगळ्यांसमोर. आणि आधी सतरा घरी जाऊन सांगा."

तो प्रत्येक झोपडीच्या दारात गेला. कुणी हो म्हणाले नाही. काहींनी तोंडावर दार ओढून घेतले.

महाशिवरात्रीला नऊ दिवस उरले होते. नंदी बसणार म्हणून चौथऱ्याभोवती गाव जमला. देशमुखांची वाजंत्री आलीच होती. मेसाजीने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "वाजवणं थांबवा." ढोल थांबले. त्याने घण उचलला आणि बरगडीवर घातला. तिसऱ्या घावाला नंदी उभा फाटला. आत हातभर लांब चीर होती, तांबड्या मातीने भरलेली.

लोक चीर बघायला पुढे सरकले. मेसाजी मात्र तुकड्यांतून फिरत एकेक वाजवून पाहत होता. वशिंडाकडचा एकच तुकडा खणखणीत बोलला. त्याने तो ओढून बाजूला घेतला आणि टाकी चालवायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी येमाजी आपली टाकी घेऊन शेजारी येऊन बसला. मग एकेक करून सतराही घरची माणसे आली. नवव्या दिवशी हा नंदी चौथऱ्यावर बसला.

देशमुखांनी नमस्कार केला, पण आपला शब्द मोठ्या नंदीचा होता, असे म्हणाले. मळई मिळाली नाही. सतरा घरे वरच्या माळावर गेली, जिथे पाणी नव्हते. पण तिथून ती पुन्हा हलली नाहीत. खालच्या गावांतून लोक जाते घ्यायला चढ चढून माळावर जात, असे सांगतात.

आजही जत्रेच्या दिवशी पालखी चौथऱ्याशी आली की ढोल थांबतात. माळावरचा सगळ्यात म्हातारा पाथरवट नंदीला हातोडी लावतो, आणि आवाज सगळ्या पटांगणात जातो. पुढे ज्याला वाटेल तो बोटाने टिचकी मारून कान लावतो. दगड चांगला आहे, त्यामुळे तो प्रत्येकासाठी सारखाच खणखणीत वाजतो. तरीही, सोनबामामा म्हणतात, दरवर्षी एखादा माणूस कान लावतो, थोडा वेळ तसाच वाकून उभा राहतो, आणि जत्रा न बघता घरी जाऊन मनात खटकत असलेली एखादी ठरलेली गोष्ट मोडतो.