झटकणीचा कातळ

वेळण्याच्या खाजणाकडे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीकडे, उतरणाऱ्या वाटेवरील या चपट्या दगडाला झटकणीचा कातळ म्हणतात. दसऱ्यानंतर खाजणातील गवत कापणीला आले की प्रत्येक भारा येथे पांढरा पंचा अंथरून त्यावर तीन वेळा झटकला जातो. तो पंचा गवत कापणाऱ्याने तपासायचा नसतो. त्याच्याशी ज्याचे पटत नाही, त्याने तपासायचा. पाहुण्यांना याचे हसू येते. आम्हांला येत नाही.

असे सांगतात की, फार पूर्वी एका वर्षी गावातील गुरे थरथरू लागली. चालताना त्यांचे पाय अडखळत, ती आडवी होत आणि पुन्हा उठत नसत. आवडी नावाच्या एका विधवेची गाय तेवढी धडधाकट राहिली. तीही खाजणातलेच गवत खात असे. गावाने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. आवडीच्या दारावरून जाताना लोक गुरांच्या तोंडावर फडके टाकू लागले. तिचा शेजारी हिरोजी याच्या दोन्ही म्हशी एका आठवड्यात गेल्या. तिला गावाबाहेर काढावे, असा त्याने आग्रह धरला आणि पंचांनी तिला पौर्णिमेपर्यंतची मुदत दिली.

आवडीने पंचांना सांगितले, म्हणे, की दोष गवताच्या तुऱ्यांत आहे. खाऱ्या जमिनीतल्या गवतात बुरशी वस्ती करते. काडी हिरवीगार दिसते, पण तुऱ्यावर आधी मधासारखा चिकटा येतो आणि मग त्यात काळे दाणे धरतात. ती स्वतः तुरे छाटून, झटकूनच गाईला गवत घालीत असे.

"हे ठाऊक होते, तर माझ्या म्हशी पडेपर्यंत गप्प का बसलीस, आवडे?" हिरोजीने विचारले.

"पहिली पडली तेव्हाच सांगायला आले होते. तू उंबऱ्यावरून परत धाडलेस."

तरीही त्याचा संशय फिटला नाही. न झटकलेले गवत तिने स्वतःच्या गाईला घालून दाखवावे, असे तो म्हणाला. त्या गाईच्या दुधावरच आवडीचे पोट चाले. तरीही तिने हिरोजीलाच भारा कापायला लावला आणि त्यातले गवत तसेच गाईपुढे टाकले. तिसऱ्या दिवशी गाय थरथरत येथवर आली आणि या कातळावर कोसळली.

उरलेला भारा आवडीने पांढऱ्या पदरावर झटकला. पदर काळ्या दाण्यांनी भरला.

"यापुढे कापणाऱ्याने पाहू नये," ती म्हणाली. "माझ्याकडे जसे पाहिलेत, तसे पाहणाऱ्याने गवत पाहावे."

गाय नंतर उठली, असे हिरोजीच्या वंशातले लोक सांगतात. मला ते पटत नाही. त्यांना तसे सांगणे सोयीचे आहे.

आजही माझा भारा त्याच घराण्यातील सदानंदराव तपासतात. बांधाच्या वादावरून आम्ही बारा वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. ते पंचा डोळ्यांजवळ धरतात, शिवणीसुद्धा नखाने उकलून पाहतात. त्यांनी मान डोलावल्याखेरीज माझ्या गोठ्यात एक काडी जात नाही. आणि त्यांनी डोलावली, की मी पुन्हा पाहत नाही.