मागून आणलेला शालू

“दिसणार तर नाही ना, चाचा?”

दस्तगीरचाचा फाटलेल्या जागेवरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

शालू वांगी रंगाचा होता. जुना, जड, जरीच्या काठाचा. पदराच्या खाली वीतभर अंतरावर तो बोटभर फाटला होता.

“कुणाला दिसायला नको?” चाचांनी विचारलं.

“कुणालाच.”

“कुणालाच म्हणजे?”

मुलगी पायरीच्या कडेला टेकली.

मिरजेच्या बाजारात दस्तगीरचाचा पन्नास वर्षं रफू करत होते. पायरी, चटई आणि मागे एक अरुंद खोली, एवढंच दुकान. पाटी नव्हती. तरी सांगली-कोल्हापूरकडून लोक कोट, शाली, लग्नातले शेले घेऊन येत. चाचांनी हात लावलेली जागा नंतर कुणाला सापडत नाही, असं लोक म्हणत.

मुलीचं नाव केतकी चौगुले. सकाळी ती एका लॅबच्या काउंटरवर बसायची. घरी पगार दिला की तिच्याकडे फारसं काही उरत नसे. जे उरे त्यात ती एक ब्लॉग चालवायची. कपडे कसे निवडावेत, एकच साडी चार तऱ्हांनी कशी नेसावी, लहानशी खोली नीटनेटकी कशी ठेवावी, असं काहीबाही. गच्चीवरची भिंत हा तिचा स्टुडिओ. मागे लावायला पांढरी चादर. फोटो धाकटी बहीण काढायची, फोनवर.

तीन वर्षं झाली होती. वाचक दोनशेच्या पुढे सरकत नव्हते.

“ज्यांचा आहे, त्यांना दिसायला नको,” ती शेवटी म्हणाली.

“तुझा नाही?”

“खालच्या पद्माकाकूंचा. फोटोसाठी मागून आणला होता. गच्चीच्या दारावर खिळा आहे...”

“त्यांना माहीत नाही.”

“नाही. रविवारी त्यांच्या भाचीचं लग्न आहे. त्यांना नेसायचाय. म्हणून तर तुमच्याकडे आले.”

चाचांनी शालूची घडी थोडी उलगडली, पुन्हा घातली.

“फोटो कशाला काढतेस?”

केतकीनं सांगितलं. ब्लॉग म्हणजे काय तेही सांगितलं. चाचा ऐकत होते.

“म्हणजे थोडक्या पैशात नीट कसं राहावं, हे तू लोकांना शिकवतेस.”

“हो.”

“मग थोडक्या पैशात हा शालू कसा मिळाला, तेही लिहिलं असशील.”

केतकीनं मान खाली घातली.

“काय लिहिलंस?”

“माझ्या कपाटातून... असं लिहिलं.”

समोरून एक हातगाडी गेली.

मग केतकीच रागानं म्हणाली, “तुम्हाला नाही कळायचं, चाचा. बाकीच्या मुली रोज नवं घालतात. कंपन्या त्यांना घरपोच पाठवतात. मी मागून आणते म्हटलं तर मला वाचणार कोण? पैसे नसले तर माणसानं वाढायचंच नाही का?”

चाचांनी शालू दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“ज्यांचं कापड, त्यांनी समोर बसायचं. त्याशिवाय मी सुई लावत नाही.”

“तुम्ही रफू करायचं. बाकीचं तुम्हाला काय करायचंय?”

“खरंय,” चाचा म्हणाले. आणि दुसरी शाल पुढ्यात ओढून कामाला लागले.

केतकी तिथून उठली ती तडक दुसऱ्या एका शिलाईच्या दुकानात गेली. तिथला माणूस भला होता. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. मागून कापड चिकटवतो, वरून कळणार नाही, अर्ध्या तासात या, म्हणाला. त्यानं शालू टेबलावर पसरला आणि इस्त्री तापत ठेवली.

केतकी त्या इस्त्रीकडे बघत उभी राहिली. पद्माकाकू शालू देताना काय म्हणाल्या होत्या, ते तिला आठवलं. काही विशेष म्हणाल्या नव्हत्या. शालूच्या घडीतले नॅप्थलीनचे खडे काढत “जरा वाऱ्यावर टाक, वास येईल,” एवढंच म्हणाल्या होत्या. कधी परत देणार, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

“राहू द्या,” केतकी म्हणाली. “नका करू.”

पद्माकाकू मगदूम स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. केतकीनं शालू त्यांच्यापुढे ठेवला आणि फाटलेली जागा वर केली.

“काकू, माझ्या हातून फाटला.”

काकूंनी हात पदराला पुसले. फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

“कधी?”

“गेल्या... नऊ दिवस झाले.”

“नऊ दिवस.”

“हो.”

काकूंनी बोट तिथून उचललं नाही. केतकीला वाटलं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फाटल्याचं काही नाही गं,” काकू म्हणाल्या. “पण नऊ दिवस रोज जिन्यात भेटत होतीस. परवा तर माझी पिशवी वर आणून दिलीस. तेव्हाही तुझ्या मनात हेच असणार. एवढी भीती वाटली माझी?”

केतकी रडली नाही. रडावंसं वाटलं, पण तेही खोटं दिसेल असं वाटून तिनं आवरलं.

“तुमची नाही, काकू. माझ्याकडे काही नाही, हे लोकांना कळेल याची भीती वाटली.”

मग तिनं दस्तगीरचाचांची अट सांगितली. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

“चल. कुठं बसतात तुझे चाचा?”

दुपारी दोघी पायरीवर बसल्या. चाचांनी काकूंना नमस्कार केला. मग शालू गुडघ्यावर ताणला आणि डाव्या हाताची बोटं खालून फिरवत नेली. फाटलेल्या जागेच्या अलीकडेच ती थांबली.

“इथं आधी रफू झालेलं आहे.”

“असेल,” काकू म्हणाल्या. “अकरा लग्नं लागलीत या शालूत. आमच्या वाड्यातल्या मुली नेसल्या, माझ्या बहिणी नेसल्या.”

“तुमच्या लग्नातला का?” केतकीनं विचारलं.

“माझ्या लग्नातला. पण माझा नव्हे.” काकू थोडं हसल्या. “माझ्या वडिलांची ऐपत नव्हती. इंदूवन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, स्वतःचा काढून दिला. आदल्या वर्षीच त्यांचं लग्न झालं होतं. मी परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, तुलाच शोभतो. पुन्हा विषय काढला नाही. चारचौघांतही कधी बोलून दाखवलं नाही.”

“मग तुम्ही त्यांना...”

“काय?”

“म्हणजे, कधी सांगितलंत का? काय वाटलं होतं ते?”

काकू समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

“नाही. राहून गेलं... आता त्या नाहीत.”

चाचांनी सुई काढली. ती केतकीपुढे धरली.

“धागा ओव. माझ्या डोळ्यांना नेढं दिसत नाही.”

“धागा कुठाय?”

चाचांनी शालूचं आतलं टोक उलगडलं, नेसताना कमरेत खोचलं जातं ते. तिथल्या कडेचा एक रेशमी तंतू त्यांनी नखानं सोडवला आणि हलकेच ओढत लांबपर्यंत काढला.

“बाजारात या रंगाचं रेशीम मिळेल की,” केतकी म्हणाली. “मी आणते.”

“रंग मिळेल. पण हे कापड एवढी वर्षं घामात, उन्हात, घडीत राहिलंय. नवा धागा त्यात परका दिसतो.”

केतकीनं धागा ओवला. दुसरा ओवला. काकूंनी शालूचं एक टोक ताणून धरलं. चाचा आडव्या धाग्यांतून सुई नेत होते... वरून एक, खालून एक. असे कितीतरी धागे झाले.

मग त्यांनी ओल्या फडक्यानं जागा दाबली, तळहातानं सपाट केली आणि शालू झटकला.

केतकीनं फोन काढला.

“चाचा, रफूचा फोटो घेते. लोकांना दाखवते.”

ती शालूवर वाकली. पदरापासून वीतभर मोजलं. कापड तिरकं धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

“कुठं आहे?”

“मलाही आता सापडायचं नाही,” चाचा म्हणाले.

“मग दाखवू काय?”

चाचांनी सुई उशीत टोचली आणि समोरच्या टपरीवर तीन कप चहा सांगितला.

रविवारी पद्माकाकू शालू नेसून भाचीच्या लग्नाला निघाल्या. गच्चीच्या दारातला खिळा केतकीनं सकाळीच उपटून टाकला होता. त्या दारात काकूंना उभं करून तिनं एक फोटो काढला. काकूंना फोटोत हसायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत तेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी एका हातानं पदर धरला आणि दुसरा हात केतकीच्या बहिणीच्या खांद्यावर ठेवला.

तो फोटो लावून केतकीनं लेख लिहिला. शालू इंदूवन्संचा. त्यांनी पद्माकाकूंना दिला, काकूंनी मला. मी फाडला आणि नऊ दिवस लपवला. दस्तगीरचाचांनी तो नीट केला.

मग ती ब्लॉगवर मागं गेली. तीन वर्षांतल्या प्रत्येक लेखाखाली तिनं एकेक ओळ लिहिली. ही पैठणी लॅबमधल्या शहाणे मॅडमची. हे कानातले मावशीचे. हा निळा कुडता बहिणीचा, तिला न विचारता घेतलेला. ही पांढरी चादर आईची, दर फोटोनंतर आईच धुते.

त्याला आठवडा लागला. लिहिताना तिला सुरुवातीला लाज वाटत होती. पुढे पुढे तिला कळेना, एवढ्या माणसांनी एवढं काही दिलं, आणि आपण तीन वर्षं आपल्याकडे काही नाही असं कसं म्हणत राहिलो.

काही वाचक सोडून गेले. एकीनं लिहिलं, तू आम्हाला फसवलंस. केतकीनं तिला उत्तर दिलं, हो.

त्यानंतर पत्रं यायला लागली.

महिन्याभरानं केतकी चाचांच्या पायरीवर आली. चालण्यात वेगळाच झोक होता. चाचा एका काळ्या कोटाच्या बाहीला रफू करत होते.

“चार हजार लोकांनी वाचलं, चाचा. जाहिरात नाही, काही नाही. एक रुपया खर्च न करता.”

“बरं झालं.”

“तुमच्यामुळे झालं.”

“काय लिहितात लोक?”

“कुणी कुणाचं काय घातलं होतं, ते. कुणी कुणाचे आभार मानायचे राहिले, ते. खूप आहेत.”

“एक वाच.”

केतकीनं फोनवर बोट फिरवलं.

“हे उदगीरहून आहे. मंगल म्हणून कुणी बाई आहेत. लिहितात... बारावीच्या निरोपाच्या दिवशी मला घालायला काही नव्हतं. वर्गातल्या मैत्रिणीनं तिचा नवा ड्रेस मला दिला. स्वतः जुना घालून आली. परत देताना मी तिला म्हणाले, मला जरा ढगळच होता. त्या वयातला माझा चांगला असा तेवढाच एक फोटो आहे. तुझा लेख वाचून काल मी तिचा नंबर शोधला. वीस वर्षांनी बोललो. ती म्हणाली, ड्रेस काही आठवत नाही गं, तू आठवतेस. घरात हे सांगितलं तर हसतील. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून तुला लिहिलं.”

चाचांची सुई थांबली होती.

“नाव काय म्हणालीस?”

“मंगल.”

“मंगल,” चाचा स्वतःशी म्हणाले.

मग विचारलं, “तिला उलट काय लिहिलंस?”

“अजून काही नाही. एवढी पत्रं आलीत, चाचा, कुणाकुणाला लिहिणार? आणि आता पुढचा लेख लवकर यायला हवा. लोक आलेत तोवर ते टिकायला हवेत. तेच विचारायला आले होते तुम्हाला... इथून पुढं वाढायचं कसं?”

चाचांनी सुई कोटाच्या बाहीत टोचून ठेवली. कोट मांडीवरून खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकत ते सावकाश उठले, चटईवरची आपली जागा मोकळी केली आणि मागं खोलीच्या सावलीत जाऊन बसले.

“बस इथं,” ते म्हणाले. “उजेड आहे तोवर तिला लिहून टाक.”