घरी शिकलेली भाषा

नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बेहेरे साहेबांचा भलताच दरारा. वैजयंती गुंजाळ दुपारी संगणकाची नवी भाषा शिकताना दिसली आणि साहेब कडाडले, "ऑफिसात बसून शिकणं म्हणजे कंपनीच्या वेळेची चोरी! शिकायचं ते रविवारी, घरी!"

वैजयंती महिनाभर मुकाट्याने घरी शिकली.

मग एक बडं गिऱ्हाईक आलं. त्याला काम नेमकं त्याच भाषेत हवं होतं. साहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्या गुंजाळ मॅडम त्यात तरबेज आहेत! काय मॅडम?"

"आहे ना साहेब," वैजयंती अदबीने म्हणाली, "पण घरच्या वेळेत शिकलेलं इथं वापरलं, तर चोरी माझ्या घरी व्हायची!"

गिऱ्हाईक खो खो हसलं. ओशाळलेल्या साहेबांनी तिथल्या तिथं बुधवारची दुपार शिकण्यासाठी मोकळी केली.

"आणि माझे चार रविवार," वैजयंतीने विचारलं, "ते कधी परत देताय?"