बेचकडोंगरीची सरळ वाट

एक डोंगर होता. डोंगरावर रान होतं, रानात जनावरं होती, आणि जनावरं म्हटली की जे यायचं ते, म्हणजे सरकारही होतं. डोंगराचं नाव बेचकडोंगरी.

नाव पडलं ते वाटांवरून. माथ्यावर एक चौकी होती आणि तिथून दोनच वाटा खाली उतरत, एक डावी, एक उजवी. प्रत्येक वाटेच्या टोकाला पुन्हा एक चौकी आणि तिच्यापुढे पुन्हा दोन वाटांचं बेचकं. असं करत करत रान पायथ्यापर्यंत पसरलं होतं. मधल्या भागात करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या इतक्या दाट, की वाट सोडून आडवं जाणं कोणाला जमत नसे. प्रत्येक चौकीवर एक जनावर बसे आणि आपल्या कोठारातली एक वस्तू सांभाळी. कोणाकडे मध, कोणाकडे मोहाची फुलं, कोणाकडे औषधी मुळ्या. बसायचा नियम एकच होता. खालच्या चौकीवरचा वजनाने हलका असेल तर डावीकडे, जड असेल तर उजवीकडे.

त्यामुळे कोणालाही शोधणं सोपं असे. माथ्यावर जाऊन विचारायचं, "साळिंदर कुठे?" माथ्यावरचा म्हणे, "माझ्यापेक्षा जड. उजवीकडे." झालं, अर्धं रान पालथं घालायचं टळलं. पुढची चौकी म्हणे, "माझ्यापेक्षा हलकं. डावीकडे." उरलेल्यातलंही अर्धं टळलं. अशी चार बेचकी ओलांडली की साळिंदर समोर हजर. या रानात गाऱ्हाणं घेऊन निघालेला जिवंतपणी पोचत असे, ते केवळ यामुळे.

अशी मांडणी आपोआप टिकत नाही, हे जुन्या जनावरांना ठाऊक होतं. एकीकडे चौक्या वाढत जातात, दुसरीकडे ओस पडतात. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. कोणी नवा चौकीवर बसला की त्याने आपल्या जागेपासून माथ्यापर्यंत चालत जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर विचारायचं, "डावीकडे किती खोल? उजवीकडे किती खोल?" एका चौकीचा फरक असेल तर चालून जाई. त्याहून जास्त निघाला की तिथल्या तिथे पालट. वरचा एक चौकी खाली उतरे, लांबलेल्या बाजूचा त्याच्या जागी वर चढे, दोन-तीन पायवाटा बुजवून दोन-तीन नव्या पाडल्या जात. हलका डावीकडे, जड उजवीकडे हा नियम तसाच राही. कोणाचं कोठार जात नसे की कोणाची इज्जत. फक्त वरच्याला खाली बसावं लागे.

त्या रीतीत दोष असेल तर एवढाच होता.

पुढे माथ्यावर हिकमतराव कोल्हा आला. ना फार जड, ना फार हलका. माथ्याला असाच लागतो, म्हणून तो तिथे रीतसर पोचला होता. माथ्यावरून दृश्य चांगलं दिसतं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने भरती काढली. पहिला तरस आला. मग तरसाच्या ओळखीचा रानडुक्कर. मग रानडुकराचा शब्द अव्हेरता येत नाही म्हणून सांबर, आणि सांबराच्या मागे अख्खी सोयरीक. प्रत्येक नवा आधीच्यापेक्षा थोडा जडच निघे, कारण चौकी मिळण्याआधी तो आधीच्याच्या कोठारात उमेदवारी करत असे. साहजिकच सगळे उजवीकडे बसत गेले. डावीकडचा ससा निवृत्त झाला, खार गेली, उदमांजर कंटाळून पलीकडच्या डोंगरावर गेलं. त्यांच्या जागा भरण्याचं काम विचाराधीन ठेवण्यात आलं.

मग एका सकाळी पालट करायची वेळ आली. हिकमतरावांनी खाली उतरायचं आणि तरसाने वर चढायचं. हिकमतरावांनी सभा बोलावली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! काही शक्तींना या डोंगरावर अस्थैर्य माजवायचं आहे. म्हणे पालट! मी विचारतो, डोंगर कधी पालटतो का? माथा माथ्यावरच असतो, पायथा पायथ्याशीच असतो. आणि पायथ्याला त्याबद्दल कधी तक्रार नसते!"

"एकच वाट, सरळ वाट!" झाडांवरून कावळे ओरडले. रानातल्या बातम्या त्यांच्याकडे असत.

तरस जरा नाराज होता. त्याला बाजूला घेऊन हिकमतराव म्हणाले, "तरसभाऊ, पालट बंद म्हणजे सगळीकडेच बंद. तुमच्या खालचा डुक्कर तुमच्या डोक्यावर कधी यायचा नाही." तरस हसला. तेच डुकराला सांबराबद्दल सांगितलं, तोही हसला. ठराव एकमताने संमत झाला. विरोध करतील असे डावीकडे असत, आणि डावीकडे आता कोणी नव्हतं.

तेव्हापासून बेचकडोंगरीत बेचकं उरलं नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच लांब वाट झाली. पूर्वी दोन वाटांमुळे जनतेचा गोंधळ होत असे, तो सरकारने निम्म्यावर आणला, असं कावळ्यांनी घरोघर कळवलं.

सगुणा मुंगसिणीच्या घरीही कळवलं. ती पायथ्याशी ओढ्याकाठी नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर राही. वाट एक असो की दोन, तिला माथ्यावर जायचं कामच पडलं नव्हतं. ते पडलं त्या दिवशी, ज्या दिवशी तिच्या नवऱ्याला, गोंदाला, उन्हं कोवळी असतानाच फुरसं चावलं. मुंगसाला साप चावावा, ही चारचौघांत सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट. पण चावलं खरं. पाय सुजून निळा पडत चालला.

"मुंगूसवेल आण," सासू म्हणाली. "गव्याच्या कोठारात असते. तुझ्या सासऱ्यांसाठी मीच आणली होती. चार बेचकी आहेत, पोरी. अंगणातलं दव वाळायच्या आत परत येशील."

"आत्याबाई, यांच्याजवळ बसा. पाय हलवू देऊ नका."

"अगं, एवढं काय!" गोंदा पडल्यापडल्या म्हणाला. "लोकांना सांगशील तर मला विंचू चावला म्हण."

सगुणा माथ्यावर पोचली तेव्हा हिकमतराव कावळ्यांना मुलाखत देत होते.

"साहेब, गवा कुठे?"

"माझ्यापेक्षा जड. उजवीकडे." हिकमतराव कावळ्यांकडे वळले. "पाहिलंत? विचारलं की उत्तर. ताटकळणं नाही!"

ती उजवीकडे धावली. तरस म्हणाला, "माझ्यापेक्षा जड. उजवीकडे." रानडुक्कर चिखलात लोळत होता. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा जड. उजवीकडे."

"काका, इथे डावी वाट असायची म्हणतात ना?"

"असेल. लोक चुकायचे तिच्यावर. आता चुकायची सोयच ठेवलेली नाही."

"आणि पोचायची?"

"ते माझ्याकडे नाही," डुक्कर म्हणाला. "पुढे विचार."

पुढे सांबर होतं. सांबरापुढे सांबराचा मेहुणा, मेहुण्यापुढे मेहुण्याचा साडू. एकाच्या चौकीवर सत्कार चालू होता, तो संपेपर्यंत उभं राहावं लागलं. एकाने ती कोणाच्या ओळखीची हे आधी विचारलं. एकजण तर झोपेतच पुटपुटला, "जड... उजवीकडे." सगुणा धावत होती आणि तिच्या एक ध्यानात येत होतं. उत्तर चुकीचं नव्हतं. कोणीही खोटं बोलत नव्हतं. नियमही मोडला नव्हता, हलका डावीकडे, जड उजवीकडे. फक्त पूर्वी एकेका उत्तराने अर्धं रान मागे पडायचं, आता एका उत्तराने एकच चौकी मागे पडत होती, आणि तिच्यावरचा जाडजूड चौकीदार.

दुपार झाली तेव्हा ती नीलगायीच्या चौकीवर होती. नीलगायीने तिला पाणी दिलं, डोळ्यांत पाणी आणलं.

"मीसुद्धा बाईच आहे गं. मला का कळत नाही? पण माझ्या हातात काय आहे सांग. माझ्याकडे फक्त उजवीकडे आहे."

"ताई, तुम्ही कधी विचारलं नाही, ही वाट इतकी लांब का झाली?"

"विचारणार कोणाला? वरच्याला. तो म्हणेल, जड, उजवीकडे." नीलगायीने कान हलवले. "जा, उशीर होईल तुला."

गवा वाटेच्या अगदी टोकाशी होता. त्याच्यापुढे दरी. त्याने एका शब्दाने अडवलं नाही. कोठारातून मुंगूसवेलीच्या मुळ्यांची जुडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"पूर्वी फार यायचे गं मुळ्या न्यायला," तो रवंथ करत म्हणाला. "आता कित्येक वर्षांत तू पहिलीच. साप चावायचे थांबले वाटतं. सरकार चांगलं काम करतंय."

परतीची वाट तेवढीच लांब होती, आणि आता माथ्यापर्यंत चढाची होती. सगुणा घरी पोचली तेव्हा ओढ्यावरचं ऊन पिवळं पडलं होतं. सासू दारात बसली होती. गोंदाचा पाय आता हलत नव्हता, आणि तो धरून ठेवायची गरजही उरली नव्हती.

"चार बेचकी होती गं," सासू म्हणाली. "देवाशपथ. चारच होती."

तिसऱ्या दिवशी सरकार दारात आलं. पुढे कावळे, मागे हिकमतराव, त्यामागे धापा टाकत तरस.

"गोंदाजींनी अखेरच्या श्वासापर्यंत आमच्या सरळ वाटेवर विश्वास ठेवला," हिकमतराव म्हणाले, आणि कावळे सगळं टिपून घेईपर्यंत थांबले. "त्यांच्या पत्नीला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. सगुणाबाई, आजपासून तुम्ही चौकीदार. तुमचं वजन पाहता नियमाप्रमाणे डावीकडे. डावीकडे कोणीच नाही, म्हणजे थेट माझ्या शेजारची पहिली चौकी! इतक्या वर बसलेलं मुंगूस या डोंगराने पाहिलेलं नाही!"

कावळ्यांनी पंख फडफडवले. ते निघून गेल्यावर सासूने तोंड फिरवलं.

"त्यांच्या पंगतीला बसणार तू? गोंदाची चिता निवायच्या आत?"

"आत्याबाई, नव्याने बसणाऱ्याने वर जाऊन विचारायचं, ही रीत होती ना?"

"होती. पण पालट रद्द केला त्यांनी."

"पालट रद्द केला. विचारणं रद्द करायचं राहून गेलंय, मी कावळ्याला विचारलं. बसले तरच विचारता येईल. यांचं झालं ते झालं. फुरशी अजून ओढ्यावर आहेत, आणि मुंगसांची घरंही."

सासू पुन्हा तिच्याकडे वळली. मग तिने सगुणाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

पदग्रहणाला सगळं रान लोटलं होतं. सगुणा डाव्या चौकीवर बसली, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत उठून ती माथ्यावर चढली. एकच चौकी चढायची होती.

"डावीकडे किती खोल? उजवीकडे किती खोल?"

गर्दीतली म्हातारी जनावरं दचकली. हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तरसाने हिकमतरावांकडे पाहिलं. हिकमतरावांच्या मिशा क्षणभर स्थिर झाल्या, आणि मग ते हसले.

"उत्तम प्रश्न! असेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत. अहो, त्यासाठीच तर यांना बसवलं. डावीकडे कोण? सगुणाबाई. उजवीकडे कोण? तरसभाऊ. एक आणि एक. मोजा रे!"

कावळ्यांनी मोजलं. डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यांनी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच आलं.

"मी खोली विचारली, साहेब," सगुणा म्हणाली. "तरसाच्या खाली डुक्कर आहे. त्याच्याखाली सांबर आहे. सांबराच्या खाली त्याची सगळी सोयरीक. मी चालून आलेय ती वाट. एकदा चालून बघा, तुमच्यापैकी कोणीही."

"दुःखात आहेत," हिकमतराव हळूच कावळ्यांना म्हणाले, आणि मग मोठ्याने, "अवश्य! आपण समितीच नेमू!"

समितीवर उजव्या वाटेवरचे सगळे चौकीदार घेतले, कारण वाटेचा अनुभव त्यांनाच होता. प्रत्येकाने आपापल्या चौकीवरून खाली वाकून पाहिलं आणि आपल्या खाली एकच चौकी आहे असं शपथेवर सांगितलं. गव्याने तर आपल्या खाली काहीच नाही असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. सगळ्यांचं म्हणणं जुळल्याने बेचकडोंगरी पूर्ण तोलात असल्याचं जाहीर झालं. सगुणाने आपली हरकत नोंदवली. ती तोलाचा पुरावा म्हणून अहवालाला जोडली गेली, कारण डावीकडून हरकत आली म्हणजे डावीकडे कोणीतरी आहे हे सिद्धच झालं.

ओढ्यावर पुढच्या पंधरवड्यात आणखी एका मुंगसाला फुरसं चावलं. त्याची बायको वाटेला लागलीय. ती पोचेल तेव्हा कळेल.

बाकी आता बेचकडोंगरीत खोली कोणी मोजत नाही. माथ्यावरून दिसतात तेवढी डोकी मोजतात, आणि निकाल जेवणाच्या आत लागतो.